मधु लिमये : नियमांच्या बळावर सत्तेला जाब विचारणारा संसदपटू

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना मधु लिमये हे नाव बहुधा प्रथम भेटते ते राजकीय इतिहासात नव्हे, तर फौजदारी कायद्याच्या पुस्तकात. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळवलेच पाहिजे, हे ठणकावून सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा निकाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. जमावबंदीच्या अधिकाराच्या मर्यादा तपासणारा १९७० चा निकाल त्यांच्याच नावाचा आहे. चालू खटल्यात उच्च न्यायालयाला कधी हस्तक्षेप करता येतो, याची चर्चा करणारा १९७७ चा निकालही त्यांच्याच नावाचा आहे. लिमये वकील नव्हते. पुण्यात जन्मलेले, तुरुंगात घडलेले आणि बिहारच्या मतदारांनी चार वेळा लोकसभेवर पाठवलेले ते समाजवादी कार्यकर्ते होते. राज्यघटनेतील कलम असो वा लोकसभेच्या कामकाजाचा नियम, तो एकट्या माणसाच्या हातातले साधन आहे, यावर त्यांची निष्ठा होती. ती त्यांनी आयुष्यभर पाळली, आणि तिची किंमतही मोजली.

मधु रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि विद्यार्थी चळवळीत ओढले गेले. एस. एम. जोशी व ना. ग. गोरे यांच्या सहवासात ते काँग्रेस समाजवादी पक्षाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धाला विरोध करणाऱ्या प्रचाराबद्दल ऑक्टोबर १९४० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना पहिली शिक्षा झाली. जवळजवळ वर्षभर ते धुळ्याच्या तुरुंगात होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू होताच ते भूमिगत झाले. 'क्रांतिकारी' या भूमिगत मराठी पत्राच्या कामात त्यांचा वाटा होता. सप्टेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि जुलै १९४५ पर्यंत वरळी, येरवडा व विसापूर येथे स्थानबद्ध राहिले. अभ्यासाची त्यांची शिस्त बऱ्याच अंशी या बंदिवासात तयार झाली. पुढे लोकसभेत ज्या चिकाटीने ते अहवाल आणि नियमपुस्तिका चाळत, ती सवय विद्यापीठाने नव्हे, तर कारावासाने लावली असे म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांनी काँग्रेसपासून फारकत घेतली. नव्या पक्षाच्या संघटनेत लिमये यांच्यावर लहान वयातच मोठ्या जबाबदाऱ्या आल्या. १९५५ हे वर्ष मात्र त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. त्या वर्षाच्या प्रारंभी आवडी येथील अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि प्रजा समाजवादी पक्षात काँग्रेसशी सहकार्य करण्याचा प्रश्न उभा राहिला. सहकार्याची भाषा करणाऱ्या नेत्यांवर लिमये यांनी उघड टीका केली. पक्षाच्या मुंबई शाखेने त्यांना निलंबित केले. राममनोहर लोहिया त्यांच्या बाजूने उभे राहिले, वाद वाढत गेला आणि वर्षअखेरीस लोहियांच्या नेतृत्वाखाली वेगळा समाजवादी पक्ष जन्माला आला. तत्त्वाच्या प्रश्नावर पक्ष फुटला तरी चालेल, पण मौन पाळायचे नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हाच दिसला होता. चोवीस वर्षांनी तो पुन्हा दिसणार होता, तोही केंद्रातील सरकार पणाला लागलेले असताना.

त्याच वर्षी गोवा मुक्तीचा सत्याग्रह ऐन भरात होता. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात नागरी स्वातंत्र्याच्या मागणीला तोंड फोडले होते. १९५५ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रातून व इतर राज्यांतून सत्याग्रहींच्या तुकड्या हद्द ओलांडू लागल्या. ना. ग. गोरे यांच्या तुकडीनंतर जुलैमध्ये लिमये एक तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना इतकी अमानुष मारहाण केली की त्यांच्या मृत्यूची वार्ता पसरली होती. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. लिमये यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही, कारण गोव्यावरील पोर्तुगीज सत्ताच त्यांना मान्य नव्हती. सुमारे एकोणीस महिन्यांच्या कैदेनंतर १९५७ मध्ये त्यांची व इतर सत्याग्रहींची सुटका झाली. या कैदेत समाजवाद्यांबरोबर जनसंघाचे जगन्नाथराव जोशी यांच्यासारखे कार्यकर्तेही होते, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. गोव्यातील या दिवसांची रोजनिशी लिमये यांनी लिहून ठेवली होती.

संसदेचे दार त्यांच्यासाठी १९६४ मध्ये उघडले, तेही महाराष्ट्रातून नव्हे. गंगेच्या काठावरील मुंगेर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते विजयी झाले. लोहिया आदल्या वर्षी फर्रुखाबादहून लोकसभेत आले होते. पुण्याचा ब्राह्मण, मातृभाषा मराठी, बिहारमध्ये ना नातेगोते ना जातीचे पाठबळ, अशा माणसाला मुंगेरने १९६७ मध्ये पुन्हा निवडून दिले. १९७१ च्या लाटेत ते पडले. परंतु १९७३ मध्ये शेजारच्या बांका मतदारसंघाने पोटनिवडणुकीत त्यांना परत पाठवले आणि १९७७ मध्येही निवडले. मागासवर्गीयांना साठ टक्के वाटा देण्याची मागणी आणि लोकभाषेत कारभाराचा आग्रह या समाजवाद्यांच्या दोन भूमिकांना बिहारच्या खेड्यांत प्रतिसाद होता, हे या यशाचे एक कारण. सभागृहात लिमये हिंदीतून बोलत. भाषण हिंदीत, ग्रंथलेखन बहुतांशी इंग्रजीत आणि संस्कार मराठी, अशी ही त्रिवेणी होती. पुढे १९७७ मध्ये तुरुंगात असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनाही बिहारच्याच मुजफ्फरपूरने निवडून दिले. आजच्या निवडणुकांचे गणित पाहता अशा निवडी फार दूरच्या काळातल्या वाटतात.

लोकसभेत लिमये यांनी जे केले ते समजून घ्यायचे तर त्या काळच्या सभागृहाची रचना ध्यानात घ्यावी लागते. काँग्रेसचे बहुमत मोठे होते आणि विरोधक विखुरलेले होते. मतदानात सरकारला हरवणे जवळजवळ अशक्य होते. मग विरोधी सदस्याच्या हाती उरते काय? उरतो तो प्रश्न. मंत्र्याला ठरावीक दिवशी उभे राहून उत्तर द्यावेच लागते. उत्तर अपुरे असेल तर पुरवणी प्रश्न विचारता येतो, चुकीचे असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते, आणि कामकाज नियमाविरुद्ध चालले असेल तर हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येतो. हरकतीच्या मुद्द्यावर अध्यक्षांना निर्णय द्यावाच लागतो आणि त्या निर्णयापुढे बहुमताचे काही चालत नाही. लिमये यांनी नेमकी हीच जागा हेरली. नियमपुस्तिका, पूर्वीच्या अध्यक्षांचे निर्णय, लोकलेखा समितीचे अहवाल आणि अर्थसंकल्पाची कागदपत्रे यांचा अभ्यास करून ते सभागृहात येत. ते उभे राहिले की मंत्री सावध होत आणि अधिकाऱ्यांच्या कक्षात कागद चाळण्याची गडबड उडे, असे त्या काळच्या अनेक सहकाऱ्यांनी व पत्रकारांनी नमूद केले आहे. लोहियांचा आवेश वेगळा होता. लोहिया सभागृह हादरवून सोडत, तर लिमये पुरावा पटलावर ठेवून मंत्र्याला कोंडीत पकडत. ऑक्टोबर १९६७ मध्ये लोहियांचे निधन झाल्यावर संसदेतील समाजवाद्यांचा भार मुख्यतः त्यांच्यावरच आला.

या पद्धतीला टीकाकारही होते. कामकाजाचा वेळ तांत्रिक हरकतींत जातो, लहानसहान चुकांना घोटाळ्याचे रूप दिले जाते, असा आक्षेप सत्ताधारी बाकांवरून घेतला जाई. त्यात काही तथ्य नव्हते असे नाही. परंतु १९७४ चे परवाना प्रकरण पाहिले की या तांत्रिकतेचे मोल कळते. पाँडिचेरी भागातील काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले होते, आणि त्यातील बहुतेक सह्या बनावट असल्याचे उघडकीस आले. काँग्रेसचे खासदार तुलमोहन राम यांच्यावर खटला भरला गेला. ज्यांच्या काळात हे निवेदन आले, ते मंत्री ललित नारायण मिश्र होते. केंद्रीय अन्वेषण विभागाची कागदपत्रे सभागृहापुढे ठेवावीत, अशी विरोधकांची मागणी होती. लिमये त्या लढ्यात आघाडीवर होते. सभागृहाच्या सदस्यांच्या नावाचा गैरवापर झाला असेल, तर सभागृहाला सत्य कळण्याचा अधिकार आहे, असे त्या मागणीमागचे सूत्र होते. बऱ्याच संघर्षानंतर विरोधी नेत्यांना ती कागदपत्रे गोपनीयतेच्या अटीवर पाहू देण्यात आली. विजय अर्धाच होता. पण पाशवी बहुमत असलेल्या सरकारला तेवढी माघार घ्यावी लागली, ती केवळ नियमांच्या आधाराने.

सभागृहाबाहेर हीच निष्ठा त्यांना न्यायालयाकडे घेऊन गेली. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. तेथे मनाईहुकूम लागू होता. अटकेचे कारण मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. लिमये यांनी तुरुंगातून थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. राज्यघटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखालील याचिका म्हणून न्यायालयाने ते दाखल करून घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाल दिला. २२ व्या अनुच्छेदाने दिलेला, अटकेची कारणे जाणून घेण्याचा हक्क डावलला गेला आहे, असे न्यायालयाने मानले आणि त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. दंडाधिकाऱ्याने नंतर दिलेल्या कोठडीच्या आदेशाने मूळ दोष धुऊन निघत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. जनहित याचिका हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी एका कैद्याच्या पत्राने हे घडवून आणले. अटकेची कारणे कळवण्याविषयी न्यायालयांत आजही वाद होतात, तेव्हा या निकालाचा दाखला दिला जातो.

१९७० च्या दाव्यात मात्र त्यांचे मुख्य म्हणणे फेटाळले गेले. जमावबंदीचे १४४ वे कलम आणि शांतता राखण्याच्या हमीसाठी बंधपत्र घेण्याच्या तरतुदी घटनाबाह्य आहेत, असा त्यांचा दावा होता. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या पीठाने त्या तरतुदी वैध ठरवल्या. असे असले तरी हा पराभव वाया गेला नाही. हा अधिकार तातडीच्या प्रसंगापुरताच आहे, आणि चौकशी सुरू न करताच माणसाकडून तात्पुरते बंधपत्र मागता येणार नाही, ही बंधने न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केली. ज्या कलमाला उखडायला ते गेले होते, त्या कलमाला निदान कुंपण घातले गेले. २०२४ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. जमावबंदीचा अधिकार व त्याविषयीचा वाद मात्र कायम राहिला.

तिसरा दावा महाराष्ट्राशी निगडित होता. सप्टेंबर १९७४ मध्ये लिमये यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्राचे तत्कालीन कायदा मंत्री अ. र. अंतुले यांच्यावर आरोप केले. राज्य सरकारने त्यांच्याविरुद्ध बदनामीचा खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खटल्यातील मधल्या आदेशावर फेरतपासणीचा मार्ग बंद असला, तरी कायद्याचा गैरवापर रोखण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार त्यामुळे संपत नाही, असे ऑक्टोबर १९७७ मध्ये न्यायालयाने सांगितले. खोट्या किंवा सूडबुद्धीने भरलेल्या खटल्यात अडकलेला सामान्य नागरिक उच्च न्यायालयाकडे धाव घेतो, तेव्हा त्याचा वकील अजूनही या निकालाचा आधार घेतो.

दरम्यान आणीबाणी येऊन गेली होती. जून १९७५ मध्ये ती जाहीर झाल्यानंतर लिमये यांना अटक झाली आणि मध्य प्रदेशातील तुरुंगांत ते दीर्घकाळ स्थानबद्ध राहिले. १९७६ मध्ये पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत होती. सरकारने आणीबाणीतील अधिकार वापरून ती वाढवली. लिमये यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडले, त्यापुढचा एक दिवसही सदस्य म्हणून राहण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. त्यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शरद यादव यांनीही दिला. विरोधी पक्षांचे बहुतेक सदस्य मात्र सदस्यत्वावर कायम राहिले. त्यांच्यापैकी अनेक जण कैदेतच होते, आणि सदस्यत्व सोडून उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. तरीही आणीबाणीच्या इतिहासात हे दोन राजीनामे वेगळे उठून दिसतात.

१९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष सत्तेवर आला. लिमये मंत्रिमंडळात गेले नाहीत. पक्षाचे सरचिटणीसपद त्यांनी पत्करले. नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांनी इंदिरा गांधी यांच्याविरुद्ध हक्कभंगाचे प्रकरण लोकसभेत मांडले. मारुती कंपनीविषयीच्या संसदीय प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांचा १९७५ मध्ये छळ झाला, असा आरोप होता. उत्तरासाठी माहिती जमवणाऱ्याला धाक घातला, तर प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचाच गळा घोटला जातो, हे त्यामागचे तत्त्व होते. विशेषाधिकार समितीने दोष सिद्ध मानला. १९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने श्रीमती गांधी यांचे सदस्यत्व रद्द केले आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना तुरुंगात पाठवले. तत्त्व योग्य होते, शिक्षा मात्र राजकीयदृष्ट्या उलटली. चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत नुकत्याच विजयी झालेल्या नेत्याला बहुमताने सभागृहाबाहेर काढल्यामुळे त्यांना सहानुभूतीच मिळाली. १९८१ मध्ये सातव्या लोकसभेने तो निर्णय रद्दबातल केला.

लिमये यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त भूमिका म्हणजे दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न. जनता पक्ष अनेक पक्षांच्या विलीनीकरणातून झाला होता आणि जनसंघही त्यात विसर्जित झाला होता. मात्र पूर्वीच्या जनसंघाचे नेते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते राखून होते. एका पक्षाच्या सदस्याची निष्ठा दुसऱ्या शिस्तबद्ध संघटनेला बांधलेली असू नये, असे लिमये यांचे म्हणणे होते. संघ ही सांस्कृतिक संघटना आहे, तिच्याशी संबंध तोडण्याचे कारण नाही, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर होते. या वादाला चरणसिंह आणि मोरारजी देसाई यांच्यातील सत्तास्पर्धेची जोड मिळाली. जुलै १९७९ मध्ये पक्ष फुटला आणि मोरारजींचे सरकार गडगडले. काँग्रेसच्या पाठिंब्यावर आलेले चरणसिंह सरकार महिनाभरही टिकले नाही. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने परतल्या. लिमये स्वतः बांक्यात पराभूत झाले.

आणीबाणीविरुद्धच्या लढ्यातून उभे राहिलेले सरकार पाडण्यात लिमये यांचा वाटा होता, हा आरोप त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडत नव्हता, आणि तो पूर्णपणे पुसताही येत नाही. सत्तालोभाने आंधळ्या झालेल्या गटांच्या हाती त्यांनी एक तत्त्व दिले आणि त्या गटांनी ते शस्त्र म्हणून वापरले. हे घडेल याचा अंदाज त्यांच्यासारख्या अनुभवी राजकारण्याला यायला हवा होता. दुसरीकडे, प्रश्न काल्पनिक नव्हता हेही खरे. लिमये पक्षाबाहेर पडल्यानंतरही तो जनता पक्षात धुमसत राहिला. अखेर त्याच मुद्द्यावर अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आदी नेते बाहेर पडले आणि एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली.

१९८२ मध्ये लिमये यांनी सक्रिय राजकारणातून निवृत्ती घेतली. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. दिल्लीत पंडारा रोडवरील लहानशा घरात त्यांनी उरलेली वर्षे लेखनात घालवली. 'जनता पार्टी एक्स्पेरिमेंट', 'बर्थ ऑफ नॉन-काँग्रेसिझम', 'कॅबिनेट गव्हर्नमेंट इन इंडिया' यांसारख्या ग्रंथांतून त्यांनी स्वतः भाग घेतलेल्या राजकारणाची चिकित्सा केली. हिंदी व मराठीतही विपुल लेखन केले. ज्या जनता पक्षाच्या ऱ्हासाला आपल्याला जबाबदार धरले जाते, त्याचा इतिहास दोन खंडांत लिहायला बसणे, हेही त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते. शास्त्रीय संगीत आणि महाभारत हे त्यांचे विरंगुळ्याचे विषय होते. घरी शीतकपाट वा वातानुकूलन यंत्र नव्हते. भेटायला येणाऱ्याला चहा ते स्वतः करून देत, अशी आठवण अनेकांनी सांगितली आहे.

स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही नाकारले, आणि आपल्या पश्चात पत्नी चंपा लिमये यांनीही ते घेऊ नये अशी त्यांची इच्छा होती. ८ जानेवारी १९९५ रोजी नवी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पोर्तुगीजांच्या कैदेत त्यांनी लिहिलेली रोजनिशी चंपाताईंच्या प्रयत्नांनी १९९६ मध्ये, गोवा मुक्त झाल्यानंतर पस्तीस वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.